गृहस्थाश्रमाचें आरोग्य : पुरुषाचें वंध्यत्व

लग्नाला तीनचार वर्षें लोटलीं आणि घरांत पाळणा हालला नाहीं, म्हणजे आपल्या घरोघर काय घडतें हें वाचकांस निराळें सांगावयास नको. प्रथम वडीलधाऱ्या बायका आपसांत कुजबुजूं लागतात; मग सुनेला सोळा सोमवार सांगितले जातात, औदुंबराच्या प्रदक्षिणा सुरू होतात, त्र्यंबकेश्वरीं जाऊन नारायण-नागबळी करून यावा असें कोणी सुचवितें. अलीकडे या यादींत डॉक्टरीणबाईंची भर पडली आहे, एवढाच काय तो फरक. सुनेचें रक्त तपासलें जातें, सोनोग्राफी होते, गर्भनलिका मोकळ्या आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं आंत औषध सोडून क्ष-किरणांनीं चित्र घेतलें जातें, प्रसंगीं पोटांत दुर्बीण घालून पाहिलें जातें. हें सर्व होईपर्यंत वर्ष-दीडवर्ष सहज निघून जातें. आणि इतक्या अवधींत मुलाची, म्हणजे तिच्या पतीची, एक साधी तपासणी करावी असें कोणाच्या मनांत येत नाहीं. आलें तरी ओंठावर येत नाहीं.

या मौनाचें मूळ कांहीं अंशीं आपल्या भाषेंतच आहे. अपत्यहीन स्त्रीसाठीं 'वांझ' हा एक शब्द आपण तयार ठेवला आहे, आणि डोहाळजेवणांत किंवा बारशांत तो उच्चारला नाहीं तरी त्याची धार तिला लागल्यावांचून राहात नाहीं. ओटी भरावयाच्या वेळीं तिला हळूच बाजूस ठेविलें जातें. पुरुषासाठीं व्यवहारांत तसा शब्द नाहीं. 'षंढ' किंवा 'नपुंसक' हे शब्द आहेत, परंतु त्यांचा अर्थ अगदीं वेगळा : ज्याच्या अंगीं स्त्रीसमागमाचें सामर्थ्य नाहीं तो. ज्याचें तें सामर्थ्य पूर्णपणें शाबूत आहे, जो धट्टाकट्टा आहे, पण ज्याच्या वीर्यानें गर्भ राहूं शकत नाहीं, अशा पुरुषाला आपण नांवच दिलेलें नाहीं. आणि ज्याला नांव नाहीं त्याची शंका तरी कोण घेणार?

वस्तुस्थिति मात्र अशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील दर सहा प्रौढ माणसांपैकीं सुमारें एकास आयुष्यांत केव्हांना केव्हां वंध्यत्वाचा अनुभव येतो. अपत्यहीन जोडप्यांपैकीं जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोषाचा वांटा असतो. कांहींत तो दोष एकट्या पुरुषाचा, कांहींत दोघांचा मिळून. शंभर पुरुषांमागें सुमारें एकाच्या वीर्यांत शुक्रजंतु मुळींच नसतात. हा दोष कोठें असतो, तो बाहेरून कां दिसत नाहीं, आणि वृषणांतील प्रथिनांच्या अभ्यासानें त्याचा उलगडा कसा होऊं लागला आहे, हें आज आम्ही थोडक्यांत सांगणार आहों.

विषयाची लाज

असा विषय कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत यावा काय, अशी शंका कोणी घेईल. त्यांस आम्ही दोन गोष्टींची आठवण देतों. हॉलंडमधील डेल्फ्ट गांवचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहुक यानें १६७७ मध्यें आपण स्वतः घासलेल्या भिंगांतून मानवी वीर्यांतील शुक्रजंतु पाहिले, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्र लिहून तें कळविलें. पत्रांत त्यानें मुद्दाम नमूद केलें कीं, तपासलेलें वीर्य धर्मविहित दांपत्यसंबंधांतूनच मिळालेलें आहे. शिवाय विद्वानांस हा मजकूर किळसवाणा वाटल्यास तो खुशाल दडपून टाकावा. सोसायटीनें तो दडपला नाहीं, म्हणूनच पुढील सर्व विद्या निर्माण झाली. दुसरी गोष्ट आपल्या घरची. १९२७ पासून १९५३ पर्यंत रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं मुंबईहून 'समाजस्वास्थ्य' चालविलें, अश्लीलतेच्या खटल्यांत दंड सोसला, पण असल्या विषयांवर शास्त्रीय भाषेंत लिहिणें सोडलें नाहीं. त्यांचीं सर्व मतें कोणास पटोत वा न पटोत, संकोचापायीं अज्ञान पोसूं नये हा त्यांचा आग्रह आज तरी वादाचा राहिलेला नाहीं.

आपले पूर्वजहि याबाबतींत आपणांहून मोकळे होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांतील दुसऱ्या अध्यायाचें नांवच 'शुक्रशोणितशुद्धि'. त्यांत पुरुषाच्या शुक्राचे दोष आधीं सांगितले आहेत आणि स्त्रीच्या आर्तवाचे मागाहून. गर्भ राहण्यास ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज हीं चार लागतात असें तेथें म्हटलें आहे. महाभारतांत पांडूला संतति होऊं शकत नव्हती त्याचें कारण त्याला झालेला शाप. त्याबद्दल कुंतीला किंवा माद्रीला कोणी वांझ म्हटलें नाहीं. मग क्षेत्राची एवढी झडती घेऊन बीजाकडे डोळेझांक करण्याची रीत आपण कोठून उचलली?

वृषणाचें माजघर

वृषणांत दोन निरनिराळीं कामें चालतात, आणि बहुतेक गैरसमज या दोहोंची गल्लत केल्यामुळें होतात. पहिलें काम टेस्टोस्टेरोन नांवाचा रस तयार करून रक्तांत सोडण्याचें. दाढीमिशा, भरदार आवाज, स्नायूंची बळकटी, कामेच्छा हीं सर्व त्याच्यावर अवलंबून. हें काम करणाऱ्या पेशी जर्मन शास्त्रज्ञ लायडिग यानें १८५० मध्यें वर्णन केल्या. दुसरें काम शुक्रजंतु घडविण्याचें. तें केसासारख्या बारीक नलिकांच्या आंत चालतें. या नलिका उलगडून एकीपुढें एक मांडल्या तर त्यांची लांबी शेंकडो मीटर भरेल. पहिलें काम उत्तम चाललें असतांना दुसरें साफ बंद असूं शकतें. म्हणून दंड थोपटणारा, दांपत्यसुखांत कांहींहि उणें नसणारा पुरुष अपत्यहीन असूं शकतो, यांत विसंगत असें कांहींच नाहीं. त्याच्या पौरुषास त्यामुळें उणेपणा येत नाहीं, ही गोष्ट त्यानें स्वतः आणि त्याच्या घरच्यांनीं प्रथम समजून घ्यावी.

नलिकांच्या भिंतींत उंच, पसरट आकाराच्या कांहीं पेशी असतात. इटलींतील पाव्हिया येथील तरुण शास्त्रज्ञ एन्रिको सेर्तोली यानें १८६५ मध्यें त्यांचा शोध लावला, म्हणून त्यांस सेर्तोली पेशी म्हणतात. वाढणाऱ्या शुक्रजंतूंना अंगाखांद्यावर घेऊन त्यांचें पोषण करणें हें त्यांचें काम. शेजारशेजारच्या सेर्तोली पेशी विशिष्ट प्रथिनांच्या टांक्यांनीं एकमेकींस घट्ट जोडलेल्या असतात, आणि त्यामुळें नलिकेच्या आंत जणूं एक माजघर तयार होतें. ओसरीवर येणाऱ्या पाहुण्यास तेथें मज्जाव. रक्तांतील रक्षक पेशीहि तेथें शिरूं शकत नाहींत. याची जरूरी अशी कीं, शरीर आपलें-परकें ओळखण्यास बालपणींच शिकतें, आणि शुक्रजंतूंवरचीं प्रथिनें तर वयांत येतांना प्रथमच उगवतात. रक्षक पेशींच्या दृष्टीला तीं पडलीं तर त्या तीं परकीं समजून त्यांच्यावर चालून जातात. कांहीं पुरुषांत इजेमुळें किंवा शस्त्रक्रियेमुळें ही भिंत फुटते आणि स्वतःच्याच शुक्रजंतूंविरुद्ध प्रतिपिंडें तयार होतात.

मूळ पेशीपासून पूर्ण शुक्रजंतु होण्यास सुमारें चौसष्ट दिवस लागतात. त्यानंतर वृषणाला चिकटून असलेल्या अधिवृषण नांवाच्या, सुमारें सहा मीटर लांबीच्या वेटोळ्या नळींतून जातांना त्याला पोहण्याची शक्ति येते. एकंदर काळ अडीच महिन्यांच्या आसपास. यावरून व्यवहाराची एक गोष्ट निघते : आज आलेल्या कडक तापाचा परिणाम वीर्यांत दोनतीन महिने दिसूं शकतो, आणि आज सुरू केलेल्या औषधाचा गुण तीन महिन्यांपूर्वीं पाहण्यांत अर्थ नाहीं. शिवाय हें काम शरीराच्या उष्णतेपेक्षां दोनचार अंश कमी उष्णतेंत चालावें लागतें. म्हणून तर निसर्गानें हा अवयव पोटाबाहेर ठेविला आहे.

प्रथिनांची कामगिरी

प्रथिन म्हटलें कीं आपल्याला वरण, दूध, मूग आठवतात. पण शरीरांतील प्रत्येक पेशी आपापलीं प्रथिनें स्वतः विणीत असते, आणि पेशीचें जें काय काम तें हीं प्रथिनेंच करतात. मनुष्याच्या सुमारें वीस हजार जनुकांपैकीं प्रत्येकांत एखाद्या प्रथिनाची कृति लिहिलेली असते. मात्र कोणत्या अवयवानें कोणत्या कृति उघडावयाच्या हें ठरलेलें असतें. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं मानवी शरीराच्या अवयवाअवयवांतील प्रथिनांचा नकाशा तयार करून २०१५ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळून आली. स्वतःपुरत्या खास अशा कृति सर्वांत अधिक उघडणारा अवयव मेंदू नव्हे, यकृत नव्हे, तर वृषण. अशा हजाराहून अधिक जनुकांचें काम मुख्यत्वें वृषणांतच चालतें.

याचें कारण शुक्रजंतूच्या कामांत आहे. शरीरांतील इतर पेशी जन्मल्या ठिकाणीं किंवा शरीराच्या आंतच आयुष्य काढतात. शुक्रजंतूला मात्र निम्मीं गुणसूत्रें बरोबर घेऊन, स्वतःचा देह सोडून परक्या देहांत प्रवास करावा लागतो आणि शेवटीं दुसऱ्या पेशींत विलीन व्हावें लागतें. या प्रत्येक टप्प्यासाठीं खास प्रथिनें लागतात. त्यांपैकीं तीन येथें सांगतों.

पहिलें प्रोटामिन. शुक्रजंतूच्या इवल्याशा डोक्यांत गुणसूत्रांचा लांबच लांब धागा बसवावयाचा, म्हणजे लुगडें घडी घालून काड्यापेटींत ठेवण्यासारखेंच. इतर पेशींत हा धागा हिस्टोन नांवाच्या प्रथिनांभोंवतीं गुंडाळलेला असतो. शुक्रजंतु तयार होतांना बहुतेक हिस्टोन काढून टाकून त्यांच्या जागीं प्रोटामिन बसवितात आणि घडी आणखी घट्ट होते. १८७४ मध्यें बाझेल येथील मीशर यानें ऱ्हाईन नदींतील सामन माशाच्या शुक्रजंतूंत हें प्रथिन शोधून काढलें. वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं त्याचें येणें झालें असेल, ही गोष्ट कदाचित् ठाऊक नसेल. १९३६ मध्यें डेन्मार्कमधील हागेडोर्न यानें माशाचें प्रोटामिन इन्शुलिनमध्यें मिसळून त्याचा परिणाम अधिक वेळ टिकविला, आणि मधुमेहाच्या रोग्यांना दिल्या जाणाऱ्या 'एन्‌पीएच्' इन्शुलिनच्या नांवांतील 'पी' हें अक्षर प्रोटामिनचेंच आहे. मनुष्यांत प्रोटामिनचे दोन प्रकार असून निरोगी पुरुषांत त्यांचें प्रमाण जवळजवळ समसमान असतें. अनेक वंध्य पुरुषांत तें बिघडलेलें आढळतें; घडी सैल राहते आणि वाटेंत धागा तुटतो. असे तुटके धागे अधिक असणें आणि पत्नीचा गर्भपात होणें यांचाहि संबंध दिसून आला आहे. गर्भ टिकला नाहीं म्हणजे सुनेनें जड उचललें, जिने चढली असे आरोप करणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

दुसरें प्रथिन शुक्रजंतूच्या शेंपटींत असतें. त्याला कॅटस्पर असें नांव असून अमेरिकेंतील क्लॅपहॅम यांच्या प्रयोगशाळेंत २००१ मध्यें त्याचा शोध लागला. हें म्हणजे कॅल्शियम आंत घेणारें एक दार होय. स्त्रीबीजाजवळ पोंचल्यावर तें दार उघडतें, कॅल्शियम आंत येतें, आणि शेंपटीचे फटके एकाएकीं जोरदार होतात. त्यांवांचून स्त्रीबीजाचें कवच भेदत नाहीं. ज्यांच्यांत हें दार सदोष असतें त्यांच्या शुक्रजंतूंची संख्या पुरेशी, साधें पोहणेंहि ठीक, पण ऐन वेळीं जोर येत नाहीं.

तिसरें इझुमो. जपानांतील ओसाका येथें ओकाबे यांच्या मंडळानें २००५ मध्यें तें शोधलें आणि विवाह जुळविणाऱ्या देवतेचें म्हणून प्रसिद्ध असलेल्या इझुमो येथील देवस्थानावरून त्याला नांव दिलें. ज्या उंदरांत तें नव्हतें ते अगदीं निरोगी होते. त्यांचे शुक्रजंतु दिसावयास उत्तम, पोहण्यांत पटाईत, स्त्रीबीजाचें कवचहि भेदीत, पण शेवटीं त्याच्याशीं एकरूप मात्र होत नसत. स्त्रीबीजावरचें याच्या जोडीचें प्रथिन इंग्लंडमध्यें २०१४ सालीं सांपडलें. त्याला रोमन लोकांच्या विवाहदेवतेवरून जूनो हें नांव मिळालें. या दोहोंचें पाणिग्रहण झाल्यावांचून गर्भ संभवत नाहीं. पुढें २०२४ मध्यें असें दिसून आलें कीं, इझुमोच्या दोन्ही बाजूंस आणखी दोन प्रथिनें पाठराखीणीसारखीं उभीं असावीं लागतात.

या तिन्ही गोष्टींचें तात्पर्य एकच. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं जें दिसतें तें शुक्रजंतूंचें रूप, संख्या आणि गति एवढेंच. एखाद्या प्रथिनाची उणीव तेथें दिसत नाहीं. त्यामुळें नेहमींची तपासणी ठीक आली म्हणजे पती निर्दोष ठरला आणि दोष आपोआप पत्नीकडे गेला, हा हिशेबहि चुकीचा आहे.

आडांत आहे कीं पोहऱ्यांत नाहीं

आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्या पुरुषांच्या वीर्यांत शुक्रजंतु मुळींच नसतात, त्यांच्याबाबत डॉक्टरांपुढें पहिला प्रश्न हाच असतो. कांहींच्या वृषणांत शुक्रजंतु भरपूर तयार होतात, पण बाहेर येण्याची वाट बंद असते. म्हणजे आडांत आहे, पोहरा पोंचत नाहीं. कांहींच्या बाबतींत आडच कोरडा असतो. दोहोंचे उपाय भिन्न आहेत, आणि फरक नक्की कळण्यासाठीं पुष्कळदां वृषणाचा बारीक तुकडा काढून पाहावा लागतो.

येथें प्रथिनांचा उपयोग होण्यासारखा आहे. कॅनडांतील टोरोंटो येथील शास्त्रज्ञांनीं २०१३ मध्यें दाखवून दिलें कीं, वीर्याच्या द्रवांत दोन प्रथिनांचें मोजमाप केलें तर पुष्कळ उलगडा होतो. त्यांपैकीं 'ईसीएम्-१' हें मुख्यतः अधिवृषणांतून येतें. तें अत्यल्प असेल तर वाट बंद आहे असें समजावें. 'टेक्स-१०१' हें वृषणांतील बीजपेशींपासून येतें; शुक्रजंतु न दिसतांहि तें सांपडलें तर आंत बीजपेशी जिवंत असून कोठेंतरी काम अडलें आहे, आणि वाट मोकळी असूनहि तें मुळींच नसेल तर नलिकांत बहुधा नुसत्या सेर्तोली पेशीच उरल्या आहेत. शस्त्र न लावतां आडांत डोकावण्याची ही युक्ति नित्याच्या दवाखान्यांत अद्यापि रुळलेली नाहीं. परंतु विद्येचा रोख कोणत्या दिशेस आहे तें यावरून कळावें.

आड कोरडा असण्याचीं कारणें पुष्कळदां जन्मजात असतात. पाव्हिया येथेंच १९७६ मध्यें तिएपोलो आणि झुफार्डी या शास्त्रज्ञांनीं हजाराहून अधिक पुरुषांचीं गुणसूत्रें तपासलीं. त्यांत शुक्रजंतु नसलेल्या सहा पुरुषांच्या वाय गुणसूत्राचा तुकडा तुटलेला आढळला. १९९५ मध्यें अमेरिकेंत त्या तुटलेल्या भागांतील 'डाझ' नांवाचें जनुक हातीं लागलें; त्याचें प्रथिन बीजपेशींतच काम करतें. कांहींच्या बाबतींत एक एक्स गुणसूत्र अधिक असतें. १९४२ मध्यें क्लाइनफेल्टर यानें या विकाराचें वर्णन केलें. उलट, वाट बंद असण्याचेंहि एक जन्मजात कारण आहे : 'सीएफ्‌टीआर्' नांवाच्या प्रथिनांत दोष असेल तर वीर्यवाहक नळ्या जन्मतःच तयार होत नाहींत. असा पुरुष एरवीं ठणठणीत असतो. मात्र पत्नींतहि तोच दोष लपलेला असला तर मुलास फुप्फुसांचा गंभीर विकार होण्याचा संभव असतो. म्हणून उपचारापूर्वीं दोघांचीहि जनुकतपासणी करून घेणें शहाणपणाचें.

उपाय आणि अपाय

सुदैवानें आज निराशेचें कारण पूर्वींइतकें उरलेलें नाहीं. १९८६ च्या ऑगस्टमध्यें मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखालीं शरीराबाहेर फलन केलेल्या गर्भापासून बालिका जन्मली, हें वाचकांस स्मरत असेल. १९९२ मध्यें ब्रसेल्स येथें पालेर्मो आणि त्यांचे सहकारी यांनीं एकच शुक्रजंतु बारीक सुईनें थेट स्त्रीबीजांत सोडण्याची रीत यशस्वी केली. ज्याच्या वीर्यांत शुक्रजंतु नाहींत, पण वृषणांत थोडे तरी सांपडतात, अशा पुरुषालाहि त्यामुळें स्वतःचें अपत्य होऊं शकतें. वाय गुणसूत्राच्या कांहीं प्रकारच्या तुटींत मात्र असा शोध जवळजवळ व्यर्थ ठरतो. तें आधीं कळलें तर शस्त्रक्रियेचा त्रास वांचतो. आणि अशा पित्याला या मार्गानें मुलगा झाला तर ती तूट त्याच्याकडेहि जाते, हेंहि पतिपत्नींस आधींच सांगितलें गेलें पाहिजे. असे उपचार करणाऱ्या संस्थांची नोंदणी २०२१ च्या कायद्यानें आवश्यक केली आहे. नोंदणी पाहिल्यावांचून पाऊल टाकूं नये.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें आम्हांस अवश्य वाटतें. या उपचारांत दोष पतीचा असला तरी इंजेक्शनें पत्नीच घेते, बीज काढण्यासाठीं भूल तिलाच दिली जाते, आणि उपचार फसला तर रडणेंहि बहुधा तिच्याच वांट्यास येतें. इतकें सोसूनहि बाहेर 'तिच्यांतच कांहीं तरी आहे' असें बोललें जातें, आणि पतीची अब्रू राखण्यासाठीं ती तें मुकाट्यानें ऐकून घेते. अशा वेळीं आईच्या आणि नातलगांच्या समक्ष "दोष माझ्यांत आहे" हे तीन शब्द उच्चारणें हें पतीचें कर्तव्य आहे, असें आम्ही समजतों.

उपायांबरोबर एका अपायाचाहि इशारा दिला पाहिजे. तालमींची जागा आतां जिमांनीं घेतली आहे, आणि तेथें पिळदार शरीरासाठीं टेस्टोस्टेरोन किंवा तत्सम औषधें टोंचून घेण्याचें व्यसन तरुणांत शिरलें आहे. बाहेरून हा रस आला कीं मेंदूखालची पियूषिका ग्रंथि वृषणास कामाचा हुकूम देणें बंद करते आणि शुक्रजंतूंची उत्पत्ति थांबते. हा परिणाम इतका खात्रीचा कीं, पुरुषांसाठीं संततिप्रतिबंधक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें याच औषधाचे प्रयोग करून १९९० मध्यें त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध सोडल्यावर बहुतेकांची स्थिति सुधारते, पण त्यास कित्येक महिने लागतात आणि सर्वांचीच सुधारते असें नाहीं. मूल व्हावें म्हणून 'शक्तीचें' इंजेक्शन घेणारा मनुष्य स्वतःच्या हातानें आड बुजवीत असतो. जाहिरातींतल्या गुप्त शक्तिवर्धक गोळ्यांचीहि, त्यांत काय आहे हें जोंवर छापलेलें नाहीं तोंवर, तीच गत.

घरच्यांनीं काय करावें

गर्भप्रतिबंध न करतां एक वर्ष सहवास होऊनहि दिवस राहिले नाहींत, आणि पत्नी पस्तिशीच्या पुढची असल्यास सहा महिन्यांतच, दोघांनींहि तपासणीस जावें. पतीच्या वीर्याची तपासणी ही सर्वांत सोपी, वेदनारहित आणि पत्नीच्या तपासण्यांच्या मानानें पुष्कळच कमी खर्चाची. म्हणून ती पहिल्याच खेपेस व्हावी. तत्पूर्वीं दोन ते सात दिवस संयम पाळावा, आणि निकाल बरा न आल्यास कांहीं आठवड्यांनीं पुन्हां एकदां पाहावें. एका कागदावर आयुष्याचा निवाडा करूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकांत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लक्ष शुक्रजंतु आणि त्यांपैकीं शेंकडा ४२ हालचाल करणारे ही खालची मर्यादा दिली आहे. ती ओलांडली म्हणजे मूल होणारच असें नाहीं, आणि तिच्या खालीं म्हणजे होणारच नाहीं असेंहि नाहीं.

मुलग्यांच्या मातांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. सहा महिन्यांच्या बाळाचीं दोन्ही वृषणें खालीं उतरलेलीं नसतील तर शस्त्रवैद्यास दाखवावें. तें काम दीड वर्षाच्या आंत होणें इष्ट, 'मोठा झाला म्हणजे उतरेल' म्हणून थांबूं नये. गालगुंडांची लस लहानपणींच टोंचून घ्यावी, कारण वयांत आल्यावर हा रोग झाल्यास वृषणास सूज येऊन तें सुकण्याचा संभव असतो. आणि मुलाच्या त्या जागीं एकाएकीं असह्य कळ आली तर लाजून रात्र काढूं नये. पीळ पडून रक्तपुरवठा तुटलेला असला तर सुमारें सहा तासांच्या आंत तो सोडवावा लागतो. पुढें अवयव हातचा जाण्याचा धोका झपाट्यानें वाढतो. मुलानें ही गोष्ट आईबापांस निःसंकोच सांगावी एवढा मोकळेपणा घरांत असणें हेंच त्यावरचें पहिलें औषध.

व्रतें, प्रदक्षिणा, अनुष्ठानें ज्यांस करावयाचीं त्यांनीं तीं अवश्य करावींत. त्यांनीं मनास धीर येत असेल तर आमची ना नाहीं. मात्र दशरथानेंहि पुत्रकामेष्टि केली ती स्वतः यजमान म्हणून बसून. राण्यांना एकट्याच देवाच्या दारीं पाठवून तो घरीं बसला नाहीं. आजच्या पतीनेंहि तेवढें करावें. डॉक्टरांकडे जातांना जी फाईल बरोबर न्यावयाची, तींत अगदीं वरचा पहिला कागद त्याच्या स्वतःच्या तपासणीचा असावा.